प्रदर्शनातले हिरवे इंजिन उचलल्याबाबत

मी, खाली सही करणार, वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे ७१, आईच्या सांगण्याप्रमाणे ७३, दोन्ही लिहून घ्यावे. शिक्षण चौथी, त्यातली चौथी निम्मी. धंदा घरकाम, तसेच लहान आकाराची झाडे व माणसे तयार करणे. राहणार बेकरीच्या वर, दुसरा मजला, जिन्याकडून पहिले दार, सोबत मुलगा व सून. आज दुपारी अडीच वाजता चौकीत हजर राहून, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

आमचे एक आगगाडी मंडळ आहे. खऱ्या आगगाडीचे नव्हे. टेबलावर रूळ मांडून त्यावर वीतभर लांबीच्या गाड्या चालवतात, ते. सभासद सात. दर बुधवारी संध्याकाळी पाच ते आठ औषधवाल्याच्या गोदामात जमतो. औषधवाले अध्यक्ष आहेत, कारण गोदाम त्यांचे आहे. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारले की एवढी मोठी माणसे खेळता काय. मी सांगितले की खेळत नाही, चालवतो. वेळापत्रक आहे. गाडी दोन मिनिटे उशिरा आली तर औषधवाले वहीत कारण लिहायला लावतात. एकदा माझ्या घरची मांजर रुळावर बसली होती, तेही लिहिलेले आहे.

माझे मालक कुलूपवाले होते. ते मंडळात पहिल्यापासून होते. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. ते गेल्यावर दुसऱ्या महिन्यात घड्याळजी माझ्या घरी आले. घड्याळजी म्हणजे ज्यांना आपण बाहेर बाकावर बसवले आहे ते. ते माझ्या मालकांचे मित्र, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांच्या हातात खोके होते. आत माझ्या मालकांनी अर्धवट सोडलेले स्टेशन होते. फलाट, पत्रा, दिवे, सगळे. ते म्हणाले, “वहिनी, स्टेशन तयार आहे, पण गाडीची वाट बघायला कोणी नाही.” खोके टेबलावर ठेवून, चहा न घेता गेले.

मी काडेपेटीच्या काड्या आणि मेणबत्तीचे मेण घेऊन दोन दिवसांत अकरा माणसे केली. त्यात एक जाड बाई ट्रंकेवर बसलेली आहे. ती माझ्या विहीणबाईंसारखी दिसते. हे लिहू नये असे मी सांगितले. हवालदार म्हणाले, सांगितले ते लिहिले, आता खोडता येत नाही. बरे. सूनबाईंना दाखवू नये.

माणसे घेऊन मी बुधवारी गोदामात गेले. तिथे एकाने म्हटले, “आजींना रूळ कळतात का?” भाऊजी म्हणाले, “रूळ तुम्हाला कळतात ना? मग झालं. बघायला येणारा आधी माणसं बघतो.” त्या दिवसापासून माझ्या मालकांची खुर्ची माझी झाली. मंडळात आता झाडे, माणसे, दोरीवरचे कपडे, कोंबड्या आणि एक रागावलेला तिकीट तपासनीस इतके माझ्याकडे आहे. झाडे मी वाळलेल्या फुलांच्या दांड्यांची करते. भांडी घासायचा स्पंज हिरवा रंगवून वर लावला की पाने होतात.

मंडळ वर्षातून चार-पाच वेळा दुसऱ्या मंडळांची प्रदर्शने बघायला जाते. माझ्या संसाराच्या सगळ्या वर्षांत मी जेवढी गावे बघितली नाहीत तेवढी या मंडळाने मला दाखवली. त्यात टेबलावरची गावेही मी धरते. साहेब आत आले व मुद्द्यावर या म्हणाले. येते.

मुद्दा असा की आमच्या मंडळात बिल्ल्याची रीत आहे. प्रत्येक सभासदाला पितळेचा गोल बिल्ला आहे, वर नंबर. गाडी चालताना चाक कुरकुरले किंवा चाकाची दांडी खडखडली, तर ज्याला तो आवाज ऐकू आला त्याने ती गाडी उचलायची. गाडी कोणाची आहे हे विचारायचे नाही. जिथून उचलली तिथे रुळावर आपला बिल्ला ठेवायचा, गाडी नीट करायची, परत जागेवर ठेवायची, बिल्ला घ्यायचा. विचारत बसले तर तेवढ्या वेळात चाक रूळ खाते. आणि दुसरी बाजूही आहे. ज्याला ऐकू आले नाही त्याने हात लावायचा नाही. पूर्वी एकाने चांगले चालणारे इंजिन नुसत्या संशयावरून उघडले आणि त्याचे वाटोळे केले. तेव्हापासून औषधवाल्यांनी भिंतीवर लिहून लावले आहे, ‘ऐकल्याशिवाय उचलू नये.’ आम्ही ज्या ज्या मंडळात आजवर गेलो तिथे ही रीत माहीत आहे. ते आमच्याकडे येऊन उचलतात, आम्ही त्यांच्याकडे. आजच्या मंडळाचे हे पहिलेच प्रदर्शन. त्यांना माहीत असेल का, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही. ही आमची चूक. सातही जणांची.

भाऊजींना मंडळात सगळे कानसेन म्हणतात. त्याचे कारण, बाहेरच्या पडवीत चपला काढता काढता त्यांनी एकदा आतल्या लोकांना ओरडून सांगितले होते, “तिसऱ्या डब्याचा आस कोरडा पडलाय रे!” उघडून बघितला तर कोरडा. तेव्हापासून बाहेरगावची मंडळेसुद्धा नवीन गाडी आणली की आधी त्यांच्यापुढे चालवतात. ते डोळे मिटून उभे राहतात आणि सांगतात. त्यांच्या दुकानातही तेच. घड्याळ कानाला लावल्याशिवाय ते दुरुस्तीला घेत नाहीत.

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही मिनीबसने निघालो. बस आमच्यातल्या ड्रायव्हरची आहे. पावणेदहाला पोहोचायचे होते, साडेदहाला पोहोचलो, कारण वाटेत फाटक बंद होते आणि खरी मालगाडी जात होती. सगळे उतरून डबे मोजायला लागले. एकूण बेचाळीस. ड्रायव्हर म्हणतो त्रेचाळीस. यावरून प्रदर्शन येईपर्यंत बोलणे चालू होते.

प्रदर्शन बॅडमिंटनच्या बंद हॉलमध्ये होते. जमिनीवर खेळाच्या पांढऱ्या रेघा तशाच होत्या. टेबले अर्धगोलात मांडली होती. दारात यजमान मंडळाच्या चिटणिसांची मुलगी बसली होती. वय वीस-बावीस. आत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे हातातले यंत्र टिक करून दाबत होती. मी तिला विचारले, “मला एकदाच मोजलंस ना, बाळ?” ती हसली. चांगली मुलगी आहे. तिचे वडील, म्हणजे चिटणीस, दातांचे डॉक्टर आहेत. आज तक्रार त्यांची आहे.

मधल्या टेबलावर डोंगर होता. दोन बोगदे, खाली बंदर, बंदरात क्रेन. क्रेन खरोखर वर-खाली होत होती. बंदरावर एक माणूस मासे धरायला बसला होता आणि त्याच्यामागे त्याची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. हे ज्याने केले त्याचे लग्न झालेले आहे हे मी लगेच ओळखले. औषधवाल्यांना मी तसे म्हटले तर ते म्हणाले, “आजी, तुम्ही गाडी बघता का संसार?” मी म्हटले, “गाडी तुम्ही बघा, मी प्रवासी बघते.” मग ते चहा आणायला गेले. मी व भाऊजी टेबलापाशी राहिलो. वेळ साधारण अकरा वीस. भिंतीवर घड्याळ होते.

डोंगरावर दंतवैद्यांचे हिरवे इंजिन पाच डबे ओढत होते. ते त्यांच्या वडिलांपासूनचे आहे व वर्षातून एकदाच बाहेर काढतात, हे मला नंतर कळले. तिसऱ्या फेरीला बोगद्यातून बाहेर येताना त्याच्या मागच्या डाव्या चाकाचा आवाज आला. खड्ड, मग जरा थांबून खड्ड. चौथ्या फेरीलाही आला. टेबल चालवणारे गृहस्थ तेव्हा टेबलाखाली वायर जोडत होते. त्यांचे फक्त पाय दिसत होते. गाडी स्टेशनात थांबली. भाऊजींनी इंजिन उचलले, रुळावर आपला चार नंबरचा बिल्ला ठेवला, इंजिन रुमालात गुंडाळले आणि बाहेर निघाले. हत्यारे बसमध्ये होती. बाहेर उजेडही चांगला होता.

दारातून ते गेले तेव्हा मुलीने हाक मारली. “काका, अहो काका, ते बाहेर नेता येणार नाही!” मग, “काका, थांबा!” मग आणखी एकदा, खूप मोठ्याने. तीन वेळा. हॉलमधल्या सगळ्यांनी मान वळवली. भाऊजी थांबले नाहीत. चालण्याचा वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. मुलीने वडिलांना बोलावले. मी पंचवीस पावलांवर होते. माझे गुडघे दुखतात, तरी मी निघाले. गर्दीतून वाट काढत मी दाराशी पोहोचले तोवर बसभोवती वीस-एक माणसे जमली होती. भाऊजी बसच्या पायरीवर बसले होते. इंजिन मांडीवर, मागचे चाक काढलेले, चार स्क्रू डबीच्या झाकणात. दंतवैद्यांनी ते बघितले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, “सुटं करून न्यायचं होतं काय?” माणसाला राग येणारच. माझ्या मालकांचे स्टेशन कोणी असे मांडीवर खोलून बसले असते तर मीही ओरडले असते. पोलिसांना त्यांनी अकरा पन्नासला बोलावले.

चार नंबरचा बिल्ला मुलीला रुळावर मिळाला होता. लहान मुलाचे टाकलेले खेळणे समजून तिने तो हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत ठेवला होता. तो साहेबांनी आणवून घेतला आहे. मी ओळखला. बरोबर आहे.

साहेबांनी मला सांगितले की बिल्ल्याची गोष्ट औषधवाल्यांनी व ड्रायव्हरनेही सांगितली आहे व ती पटण्यासारखी आहे. प्रश्न हाकेचा आहे. तीनदा थांब म्हटल्यावर जो थांबत नाही तो दुरुस्तीला चालला आहे असे कसे मानायचे. आणि स्वतः घड्याळजींनी त्यांच्या जबाबात लिहून दिले आहे की, ‘हाक ऐकली. थांबलो नाही.’ का थांबलो नाही याचे उत्तर दिलेले नाही. साहेबांनी मला विचारले की याबाबत मला काही माहीत आहे काय.

मी पाणी मागितले. पाणी दिले. मी दहा मिनिटे मागितली, तीही दिली.

माहीत आहे. भाऊजींचा तो जबाब खोटा आहे. त्यांनी हाक ऐकली नाही. त्यांना ऐकू येत नाही.

हे मला दोन वर्षांपूर्वी कळले. मी त्यांच्या दुकानात सूनबाईंच्या घड्याळाचा पट्टा बदलायला गेले होते. दुकानात भिंतीवर नऊ घड्याळे आहेत, ठोक्यांची. बारा वाजायला आले की भाऊजी बोलता बोलता थांबत, सगळ्यांचे ठोके संपू देत, मग पुढचा शब्द बोलत. चाळीस वर्षांची सवय. गिऱ्हाईकही थांबायचे. त्या दिवशी बारा वाजले, नऊच्या नऊ घड्याळे वाजू लागली आणि भाऊजी बोलतच राहिले. पट्टा चामड्याचा घ्यावा की कापडी, हे मला समजावत होते. मला त्या गोंधळात एक शब्द ऐकू आला नाही. मी मान हलवली. चामड्याचा घेतला.

मी कोणाला सांगितले नाही. मंडळात नाही, घरी नाही. त्यांनाही नाही. घड्याळ ते अजून कानाला लावतात, पण नजर सेकंदाच्या काट्यावर असते. समोरून बोलले की ओठांवरून त्यांना कळते. मागून बोलले की नाही.

त्यानंतरच्या बुधवारी एक डबा कुरकुरत होता. भाऊजी शेजारी उभे होते, डोळे मिटून. सगळे त्यांच्याकडे बघत होते, कानसेन काय म्हणतात म्हणून. त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी पिशवीतून चष्मा काढून लावला आणि त्या डब्याकडे बघितले. त्यांनी माझ्याकडे बघितले, डब्याकडे बघितले, मग भिंग काढून चाकांकडे बघितले. म्हणाले, “दुसऱ्या डब्याचं पुढचं चाक.” बरोबर निघाले. चूक त्यांना नजरेला सापडते, फक्त कुठे बघायचे ते कळावे लागते. तेव्हापासून असेच चालले आहे. मला आवाज आला की मी चष्मा लावते. एरवी लावत नाही, त्यामुळे माझे विणकामाचे टाके पडतात. सूनबाई म्हणतात, “आई, चष्मा लावा ना!” मी म्हणते, लागत नाही. या चष्म्याबद्दल मी व भाऊजी कधी बोललो नाही. त्यांनी विचारले नाही. मी सांगितले नाही.

आजही हिरव्या इंजिनाचा आवाज मी ऐकला. मी चष्मा लावला. त्यांनी उचलले. आमच्या भिंतीवरच्या नियमाप्रमाणे ज्याने ऐकले त्याने उचलायचे, म्हणजे ते इंजिन मी उचलायला हवे होते. माझा बिल्ला सात नंबरचा आहे, तो पिशवीतच राहिला. यात कोणाचे नाव लावायचे असेल तर माझे लावावे.

मुलीने हाका मारल्या तेव्हा मी पंचवीस पावलांवर होते हे वर लिहिले आहे. माझा आवाज मोठा आहे. बेकरीवाल्याला मी वरून हाक मारते. ‘त्यांना ऐकू येत नाही गं’ एवढे मी तिथून ओरडले असते तर ती उठून त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली असती आणि इथवर काही आलेच नसते. मी ओरडले नाही. हॉल भरलेला होता. पाच मंडळांची माणसे होती. सगळी त्यांना कानसेन म्हणून ओळखतात.

साहेबांनी विचारले की मग ते ‘ऐकली’ असे का सांगत आहेत, त्यात त्यांचेच नुकसान आहे. मी सांगितले की चोर म्हटले तर ते वकील करतील, बहिरा म्हटले तर दुकान बंद करतील. त्यांच्या घरात ते एकटेच आहेत. दुकान आणि बुधवार, एवढेच आहे.

मला एवढेच मागायचे आहे की दवाखान्यातून त्यांचा कान तपासून आणायचा असेल तर आणावा, पण मंडळाला कळवू नये. माझा जबाब भाऊजींना वाचायला द्यावा लागतो काय, असे मी विचारले. साहेब म्हणाले, तक्रार राहिली तर द्यावा लागेल, तक्रार मागे घेतली तर हा कागद कपाटात जाईल. तक्रार ठेवायची की नाही हे दंतवैद्यांच्या हातात आहे. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले आहेत. त्यांना मी काही सांगितलेले नाही, त्यांनी बसून ऐकले आहे.

जबाब पूर्ण झाल्यावर हवालदारांनी तो मला वाचून दाखवायला घेतला. माझे वय बघून ते मोठ्याने वाचत होते. दार उघडे होते. बाक दारापासून चार पावलांवर आहे. भाऊजी आमच्याकडे पाठ करून बसले होते. हवालदार नऊ घड्याळांपाशी आले तेव्हा दंतवैद्यांनी हात वर केला व म्हणाले, “जरा हळू वाचा हो. ते बाहेर बसलेत.” हवालदार थांबले. मी त्यांना म्हटले, “वाचा मोठ्यानेच. त्यांना ऐकू जात नाही.”

मग त्यांनी शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. बाकावरून मान वळली नाही. हे वरचे चार शब्दही मी जास्तीचे लिहायला लावले. सांगितले तसे उतरले आहे, खरे आहे, म्हणून सही करते.